पीटीच्या तासाला गणित

सकाळी साडेसातला लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, दहावीचे पीटीचे तास आजपासून गणिताला दिले आहेत, पालकांनी सहकार्य करावे. दहा मिनिटांत एकोणतीस अंगठे! आणि त्यातले निम्मे तरी तेच लोक, जे पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी ह्याच ग्रुपवर लिहीत होते की एवढा एकशे चाळीस कोटींचा देश आणि पदकं सहा, शरम वाटते. कुकर लावायचा राहिला, मी आपली फोन धरून उभी.

अहो, मग सातवं येणार कुठून? गणिताच्या जादा तासातून?

मी नववीत आठशे मीटर पळायचे, अनवाणी. जिल्ह्याला पहिली आले तेव्हा आमच्या पीटीच्या सरांनी स्वतःच्या खिशातून कॅनव्हासचे बूट आणले, मुद्दाम एक नंबर मोठे, म्हणजे पुढच्या वर्षीही होतील, आणि बोटांपाशी कापूस कोंबून दिला. ते घालून मी विभागाला जाणार होते. पण त्याच दिवशी सहामाहीचा भूगोलाचा पेपर. सर अर्धा तास हेडमास्तरांच्या केबिनमध्ये होते, आम्ही पोरी बाहेर कान लावून. आतून आवाज आला, "पोरगी पळून पळून जाणार कुठं?" झालं. भूगोलात एकसष्ट पडले मला, कुणाला हवेत तर घेऊन जा.

आम्ही कराडकडचे. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. लहानपणी सगळे बैलगाड्यांचीच गोष्ट सांगायचे, की १९५२ ला हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझ घेऊन आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. जायच्या आधीची गोष्ट फक्त सर सांगायचे. १९४८ ला लंडनला हाच माणूस सहावा आला होता, तरी पुढच्या वेळी पैशासाठी दारोदार फिरायची वेळ आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार दिले. घर! स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक एका मास्तरच्या घरावर उभं आहे. आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार कधी, तर १९८४ ला अपघातात गेल्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी.

१९५२ नंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, लिअँडर पेसचं. चव्वेचाळीस वर्षं. हॉकीची आठ सुवर्णपदकं आहेत, मान्य, ती कोण नाकारतंय.

आणि हे काही खाशाबांपासून सुरू झालेलं नाही. १९१९ ला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळाली आणि त्यांचे टायमिंग युरोपातल्या पळणाऱ्यांच्या जवळपास जातायत हे दोराबजी टाटांनी पाहिलं, म्हणून १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकला टीम गेली. तिघांचा खर्च त्यांनी स्वतः उचलला. म्हणजे तेव्हाही कुणीतरी मैदानावर उभं राहून बघत होतं, खिशात हात घालत होतं. आमच्या सरांचा खिसा टाटांएवढा नव्हता, कॅनव्हासच्या बुटांपुरता होता एवढंच.

आता परिस्थिती बदललीय, मान्य. शिबिरं आहेत, स्कॉलरशिप आहेत, खेळाडूंना बोर्डाचे ग्रेस मार्कसुद्धा आहेत. पण ते सगळं पोरगं दिसल्यानंतर. आधी ते दिसायला पाहिजे ना? तालुक्याच्या शाळेतलं पोरगं पीटीच्या तासालाच दिसतं.

राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा रेल्वेत टीसी, त्याने पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ घेतलं. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी. त्या दिवशी मी ऑफिसात रडले, खरं सांगते. आणि संध्याकाळी आमच्याच ग्रुपवर एक गृहस्थ, "सुवर्ण हुकलं राव." सोफ्यावर बसून! आणि मुरलीकांत पेटकर? १९६५ च्या युद्धात गोळ्या खाल्लेला माणूस १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण आणतो आणि पद्मश्री मिळते २०१८ ला. तेव्हा कुठे होती ही शरम?

जाऊ दे, चिडून काय उपयोग. ग्रुपवरच्या बायाही माझ्यासारख्याच, दहावीची भीती मलाही आहे. लेकीला गणितात बावन्न पडलेत हेही सांगून टाकते, म्हणजे उद्या कुणी शोधून काढायला नको. आणि ती काही पळतबिळत नाही, मैदानावर मैत्रिणींशी गप्पा मारते. पण मारू दे ना, आठवड्यातले दोन तास उन्हात!

बूट मी दहावीपर्यंत वापरले. पुढच्या वर्षी खरंच बरोबर झाले, कापूस काढून टाकला. पण पळायला कुठे, शाळेत जायला. सरांनी बघितले पायात, काही बोलले नाहीत.

तर मी ग्रुपवर लिहिलं, "माझी हरकत आहे, पीटीचा तास पीटीलाच ठेवा." तीन तास झाले, सगळ्यांच्या निळ्या टिका पडल्यात. एका मुलीच्या वडिलांचा पर्सनलवर मेसेज आला, "ताई, पटतंय तुमचं. पण ग्रुपवर नको, मॅडम बघतात."