‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ आणि कॉपीराइटबद्दलच्या इतर थापा

यूट्यूब चॅनेल चालवणारे, रील करणारे, भजनी मंडळांचे कार्यक्रम नेटवर टाकणारे यांच्या गटांत एक यादी पुन्हा पुन्हा फिरते. शब्द बदलतात, मुद्दे तेच. तीस सेकंदांपेक्षा कमी गाणं किंवा क्लिप वापरली तर कॉपीराइट लागत नाही. खाली मूळ मालकाचं नाव दिलं की भागतं. ‘फेअर यूज’चा (रास्त वापराचा) मजकूर डकवला की कुणी हात लावू शकत नाही. जुनं आणि संतांचं सगळं मोफत. पैसे कमवत नसाल तर चिंता नको. आणि इतकं करूनही स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला लावलेला ठपका) आलाच तर व्हिडिओ लगेच डिलीट करा, गप्प बसा, नाहीतर जेल.

पहिले पाच मुद्दे नको ते धाडस देतात आणि शेवटचा नको ती भीती घालतो. जास्त नुकसान शेवटच्यानेच होतं, कारण त्यामुळे कायद्याने दिलेला हक्क माणूस स्वतःच्या हाताने सोडून देतो.

‘तीस सेकंदांच्या आत असेल तर चालतं’

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सेकंदांचं माप कुठेही नाही. तीस नाही, दहा नाही, सातही नाही. ज्या अमेरिकेचं नाव घेऊन हा नियम सांगितला जातो, तिथल्या कायद्यातही नाही. २००७ मध्ये तिथे एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या लहान मुलाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मागे पॉप गायक प्रिन्सचं गाणं अस्पष्ट वाजत होतं. युनिव्हर्सल या संगीत कंपनीने तो काढायला लावला. खटला वर्षानुवर्षं चालला. २०१५ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने (नववं सर्किट) सांगितलं की तक्रार पाठवण्याआधी हा वापर कायद्यात बसतो का, याचा विचार मालकाने करायलाच हवा. निकालाचा हा भाग त्या आईच्या बाजूने गेला, पण ‘२९ म्हणजे तिसाच्या आत’ या हिशेबाने गेला नाही. उलट १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या दोन लाख शब्दांच्या आत्मचरित्रातले जेमतेम तीनशे शब्द आधीच छापल्याबद्दल एक नियतकालिक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरलं. ते तीनशे शब्द पुस्तकाचा गाभा होते.

आपल्याकडे किरकोळ वापराचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्या वादात हाताळला. एका जाहिरातीत गाण्याच्या ओळीतले काही शब्द आले होते, एका मुलाखतीत गायिकेने आपलीच गाणी थोडी गुणगुणली होती. न्यायालयाने हा वापर क्षुल्लक ठरवला, पण घड्याळ लावून नाही. हानी किती आणि कोणत्या प्रकारची, न्यायनिवाड्याचा खर्च किती, मोडलेल्या नियमाचा हेतू काय, तिसऱ्या कुणाच्या हक्कांवर परिणाम होतो का, आणि वापरणाऱ्याचा इरादा काय, अशा पाच गोष्टी पाहिल्या.

मग हा तीस सेकंदांचा आकडा लोकांना इतका का पटतो? एक कारण रोज डोळ्यांसमोर आहे. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब शॉर्ट्सच्या संगीतसंग्रहातून गाण्याचा तुकडा उचलला की काही होत नाही. पण तिथे सूट तुम्हाला मिळालेली नसते, प्लॅटफॉर्मने कंपन्यांशी परवान्याचा करार केलेला असतो. तीच रील डाउनलोड करून यूट्यूबवर लांब व्हिडिओत जोडली की करार मागे राहतो आणि क्लेम (मालकीचा दावा) पुढे येतो. शिवाय यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. तिला काही सेकंद पुरतात, आणि कोणता वापर चालतो हे सांगणारं कायद्याचं कलम ५२ तिला कळत नाही.

‘क्रेडिट दिलं की झालं’

श्रेय देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कर्तव्यं. कलम ५७ लेखकाला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क देतं, आणि तो कॉपीराइट विकल्यानंतरही राहतो. परवानगीचा प्रश्न कलम १४ (मालकाचे हक्क) आणि ५१ (त्यांचं उल्लंघन) मधला. ‘गाण्याचे सर्व हक्क अमुक कंपनीकडे’ असं वर्णनात लिहिणारा माणूस एवढंच कबूल करतो की हक्क दुसऱ्याचे आहेत हे त्याला माहीत होतं.

‘फेअर यूजचा मजकूर लावा’

तो इंग्रजी परिच्छेद अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातल्या १०७ व्या कलमाचा हवाला देतो. भारतात त्याला आधार नाही, आणि अमेरिकेतही नुसता मजकूर चिकटवून संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे कलम ५२ आहे आणि त्याची रचना वेगळी आहे. तिकडे चार कसोट्यांवर कोणताही वापर तोलता येतो. इकडे वापराचा हेतू कायद्यात दिलेल्या यादीत बसावा लागतो: खासगी किंवा वैयक्तिक वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. हेतू बसला की मग वापर रास्त आहे का ते पाहिलं जातं.

यादीवाले इथेच खरा हक्क हरवतात. टीकेसाठी चित्रपटाचं दृश्य दाखवणं, नेत्याच्या भाषणाची क्लिप लावून ती खोडणं, वर्तमानपत्राचं कात्रण वाचून त्यातली चूक दाखवणं या गोष्टींना कायद्यात जागा आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका गाजलेल्या नाटकातली पात्रं, प्रसंग आणि संवाद घेऊन त्याच्यावरच टीका करणारं प्रतिनाटक वैध धरलं. किती आणि कोणत्या मोलाचा मजकूर घेतला, कशासाठी घेतला, आणि नवी कृती मूळ कृतीशी बाजारात स्पर्धा करेल का, हे तीन प्रश्न तिथे विचारले गेले.

संपादन करताना हेच तीन प्रश्न समोर ठेवा. क्लिप तेवढीच घ्या जेवढीवर तुम्ही बोलणार आहात. क्लिपच्या आधी किंवा लगेच नंतर तुमचं भाष्य असू द्या. सहा मिनिटांचं दृश्य सलग चालवून शेवटी ‘कसं वाटलं?’ विचारणं ही समीक्षा नव्हे. मूळ फाइल कुठून, कोणत्या तारखेला घेतली याची नोंद ठेवा. पार्श्वसंगीत म्हणून टीकेशी संबंध नसलेलं गाणं मुळीच लावू नका. बाकी सगळं रास्त असताना तेवढ्या गाण्यावर व्हिडिओ अडकतो आणि तक्रार करणाऱ्याला आयतं निमित्त मिळतं.

‘जुनं आहे, संतांचं आहे, मोफत आहे’

अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं. तुकारामांचे अभंग कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण एखाद्या अभंगाचं रेकॉर्डिंग ही स्वतंत्र कृती आहे. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीत आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर, पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे एका गाण्यात तीन हक्क असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वर्षी संपतात.

उत्तम उदाहरण ‘आधी बीज एकले’. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातलं हे पद ऐकून आजही कित्येकांना तो तुकोबांचा अभंग वाटतो. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी. चित्रपटाची मुदत केव्हाच संपली, पण आठवल्यांचं निधन १९७५ चं, त्यामुळे शब्दांवरचा हक्क २०३५ अखेरपर्यंत जिवंत. गाथेत नाही ते संतांचं म्हणून वापरण्याआधी कवी शोधावा, हे नुसत्या सौजन्याचं काम नाही.

याची दुसरी बाजू भजनी मंडळांना चांगली ठाऊक आहे. स्वतःच्या टाळ-पेटीवर गायलेल्या अभंगावर कंपनीचा क्लेम येतो, कारण चाल किंवा ठेका कुठल्यातरी रेकॉर्डिंगशी जुळतो. चाल पारंपरिक असेल तर हा क्लेम बिनदिक्कत आव्हानायचा. चाल एखाद्या हयात किंवा अलीकडे वारलेल्या संगीतकाराची असेल तर मात्र कंपनीचं म्हणणं खरं असू शकतं.

‘पैसे कमवत नाही, मग काय अडचण?’

नफा नसणं हा बचाव नाही. शिक्षा ठरवताना मात्र त्याचा उपयोग होतो: कलम ६३ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, पण धंद्यात नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं.

याच मुद्द्याखाली लग्नाचा दाखला दिला जातो. कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि वरात व लग्नाचे सोहळे त्यात धरले आहेत. ही सूट कुठवर ताणायची यावर वाद चालूच आहे. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परवान्याचा आग्रह धरणाऱ्यांविरुद्ध परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. पण ही सूट समारंभात गाणं वाजवण्याची आहे. त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट जगाला दाखवणं ही निराळी कृती.

‘स्ट्राइक आला की डिलीट करा, गप्प बसा’

आधी पाहा की क्लेम आहे की स्ट्राइक. क्लेम बहुतेकदा यंत्राकडून येतो. त्याने जाहिरातीचे पैसे वळतात किंवा व्हिडिओ अडतो, पण चॅनेलला डाग लागत नाही. यूट्यूब स्टुडिओत तेवढा भाग कापता येतो, आवाज बंद करता येतो, गाणं बदलता येतं. हक्क तुमचा असेल तर डिस्प्यूट करा, म्हणजे क्लेमवर हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. त्याने नाकारलं तर अपील, तिथे त्याला फक्त ७ दिवस. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत डिस्प्यूट केलं तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. अपीलही न पटल्यास समोरचा व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी करू शकतो आणि तेव्हा स्ट्राइक येतो. म्हणून बाजू कच्ची असेल तर अपीलपर्यंत ताणू नका.

स्ट्राइकनंतर व्हिडिओ डिलीट करून स्ट्राइक जात नाही. तीन वाटा आहेत. ‘कॉपीराइट स्कूल’ हा यूट्यूबचा धडा पूर्ण करून ९० दिवस थांबणं. तक्रारदाराला तक्रार मागे घ्यायला लावणं. किंवा प्रतिनोटीस, म्हणजे व्हिडिओ चुकून काढला गेला असं यूट्यूबला रीतसर कळवणं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जाऊ शकतं, म्हणून ‘दोनच आहेत’ म्हणून थांबू नये.

प्रतिनोटिशीत नाव, पत्ता, कोणता व्हिडिओ, आणि तो चुकून किंवा गैरसमजाने काढला गेला असं शपथेवर विधान द्यावं लागतं. यानंतर तक्रारदाराला अमेरिकेतले १० कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. दोन धोके समजून घ्या. तुमचं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातं. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर वकिलामार्फत पाठवा. आणि भारतात बसूनही तुम्ही यूट्यूब जिथे आहे तिथल्या अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करता. बाजू पक्की असल्याशिवाय त्या फॉर्मवर सही करू नये.

भारतीय नियम वेगळे आहेत. कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ सांगतो की तक्रारदाराने आपली मालकी दाखवावी, हा वापर कलम ५२ मध्ये बसत नाही हे लिहावं, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी द्यावी. मजकूर ३६ तासांत बंद होतो, पण २१ दिवसांत आदेश आला नाही तर पुन्हा सुरू करता येतो. ही तरतूद तात्पुरत्या किंवा आनुषंगिक साठवणीला धरून आहे, आणि यूट्यूब जगभर आपला अमेरिकी साचाच चालवतं. त्यामुळे आपल्याकडचा वापरकर्ता २१ दिवसांच्या हमीचा लाभ सहसा पाहत नाही.

गैरवापराची सोय याच फटीत आहे. तक्रार फॉर्म भरून काही मिनिटांत जाते, व्हिडिओ परतायला सुट्ट्या धरून दोन आठवडे लागतात. मतदानाच्या तोंडावर केलेली टीका दोन आठवड्यांनी परत आली तर कुणाच्या कामाची? मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर आरोप केला की काही सेकंदांच्या क्लिपसाठी एएनआय वृत्तसंस्था स्ट्राइकचा दबाव आणून लाखोंचा परवाना घ्यायला लावते. संस्थेने आपण फक्त हक्क राखत आहोत असं सांगत दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा केला. त्या वादात कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल. पण तीन स्ट्राइकची टांगती तलवार वाटाघाटीत किती जड पडते हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

अशा वेळी यादीत कधीच न येणारं कलम ६० आठवावं. कुणी निराधार धमकी दिली तर ज्याला धमकी मिळाली तो स्वतः दिवाणी न्यायालयात जाऊन ‘मी उल्लंघन केलेलं नाही’ असं जाहीर करून घेऊ शकतो, धमक्यांवर मनाई आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. धमकी देणाऱ्याने वेळेत स्वतः उल्लंघनाचा दावा लावला तर हा मार्ग बंद होतो. पण मग प्रकरण निदान कलम ५२ वाचणाऱ्या माणसासमोर जातं.

‘नाहीतर जेल’ ही भीती पूर्ण पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. मात्र कलमात ‘जाणूनबुजून’ ही अट आहे. यूट्यूबचा स्ट्राइक म्हणजे एफआयआर नव्हे, आणि समीक्षेसाठी घेतलेली क्लिप मुळात उल्लंघनच नाही.

शेवटी एक घोळ. ‘सरकारने चॅनेल बंद केलं’ असं लोक स्ट्राइकबद्दलही म्हणतात. सरकारी आदेशाने अडवलेल्या पानावर तसा संदेश दिसतो, आणि त्यामागे बहुधा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ व २००९ चे नियम असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने हे कलम टिकवलं, कारण आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना रिट याचिकेत आव्हान देता येतं. तिथे वाट उच्च न्यायालयाची आहे, प्रतिनोटिशीचा फॉर्म भरून काही होत नाही.