भाच्याचा ओरखडा आणि माझा एनसीबी

गेल्या रविवारी भाच्याने माझी वॅगनआर सोसायटीच्या पार्किंगमधून रिव्हर्स काढताना खांबाला घासली. मागचा बंपर डावीकडून फाटला, वर वीतभर पिवळा पट्टा. (खांबाला पिवळा-काळा रंग दिलाय तो लांबून दिसावा म्हणूनच!) पोरगा बावीस वर्षांचा, लायसन्स मिळून चार महिने झालेले. खाली उतरून पहिलं वाक्य काय, तर "मामा, इन्शुरन्स आहे ना? क्लेम टाकू."

नाही टाकला. का, ते सांगतो, कारण नवशिकं पोर घरात असलेल्यांचे पैसे नेमके इथे जातात.

डेंटरने साडेचार हजार सांगितले. माझ्याकडे झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीची जोड) नाही, म्हणजे प्लास्टिकच्या भागाला निम्मी घट. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपलेच. हातात येणार जेमतेम दोन-अडीच हजार. आणि जाणार काय? माझा नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) यंदा ३५ टक्के आहे, पुढच्या रिन्यूअलला ४५ आणि त्यानंतर ५० होईल. एक क्लेम केला की शून्य, मग पुन्हा २०, २५, ३५ अशी पायरी पायरी चढायची. ओडीचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा प्रीमियम आठ हजार धरा. पाच वर्षांत मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास सूट बुडते. गाडी जुनी होईल तसा ओडी उतरतो, म्हणून थोडे कमी धरा. तरी अडीच हजारांसाठी कोण एवढं घालवेल?

विलायतेतले नातेवाईक सांगतात, तिकडे पोराचं वय बघूनच प्रीमियम आभाळाला भिडतो. आपल्याकडे मुख्यतः गाडी बघतात. इंजिन, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), गाडीचं वय आणि शहर. आमचं पुणं झोन ए मध्ये, म्हणजे मोठ्या शहरांच्या गटात, मुंबईच्या पंगतीला. (साताऱ्याचं पासिंग करून काही वाचेल असं वाटणाऱ्यांनी गणित करून बघा, फरक किरकोळ आहे.) थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या विम्याचा दर तर सरकारच ठरवतं. जून २०२२ चा दर वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर थेट ७,८९७. त्यामुळे पोराला पहिली गाडी म्हणून मोठी एसयूव्ही देणाऱ्या बापांना माझा साष्टांग नमस्कार.

किरकोळ क्लेम करायचाच नाही असं ठरलं असेल, तर २,५०० चं व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधले तेवढे पैसे आपणहून सोसायची तयारी, का घेऊ नये? ओडीत साधारण २० टक्के सूट, पण जास्तीत जास्त ७५०. मी पुढच्या वेळी घेणार आहे. आपण रोज सकाळी जिथे टेकडीवर फिरायला जातो त्या एआरएआयने (गाड्यांची चाचणी घेणारी पुण्यातली संस्था) मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं असेल तर आणखी अडीच टक्के, कमाल ५००. तेवढ्यासाठी मुद्दाम बसवू नका.

भाच्यासारखी मुलं हिंजवडीला कंपनीच्या बसने जातात, गाडी निघते ती शनिवार-रविवार. त्यांनी जेवढी चालेल तेवढ्याचा प्रीमियम असलेलं ॲड-ऑन जरूर विचारावं. २०२२ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, त्याला परवानगी दिली आहे.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की जुन्या मालकाचा एनसीबी गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडेच राहतो. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत अर्ज करा. नाहीतर आरसी तुमची, पॉलिसी दुसऱ्याची, आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेयर नुसता हसतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटू दिले तर जमवलेला एनसीबीही जातो, तोही आळसापायी.

माझ्या बंपरचं म्हणाल तर पिवळा पट्टा थिनरने निघाला, फाटलेला भाग दिवाळीनंतर बघू. भाचा पगारातून महिन्याला पाचशे देतोय. आणि आता तो रिव्हर्स घेतो तेव्हा माझी आई, वय ७८, काठी टेकत मागे उभी राहते आणि म्हणते, "येऊ दे, येऊ दे... थांब मेल्या!"