लोकअदालतीत मिटलं, पण सिबिलमध्ये उरलं

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: 'कोर्टाचा निकाल विरोधात गेला की तो थेट सिबिलला कळतो आणि सात वर्षं कर्ज मिळत नाही. लोकअदालतीत मिटवा, कोर्टाचा शिक्का बसला की सिबिल कोरं. रक्कम पन्नास हजारांच्या आत असेल तर चिंताच नको, ती दिसतच नाही. आणि तीन वर्षं कळ काढली तर कर्ज आपोआप बाद.'

यातलं दुसरं विधान सगळ्यात महागात पडतं. पण आधी पहिलं बघू.

न्यायालय सिबिलला काहीही पाठवत नाही. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांना माहिती मिळते ती बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तसंस्था) आणि कार्ड देणाऱ्या कंपन्यांकडून. शेजाऱ्याने हातउसन्या पैशांसाठी दावा लावला, हुकूमनामा म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश मिळवला, तरी तुमच्या सिबिलमध्ये त्याचा मागमूस नसतो. दावा बँकेचा असेल तर बँक त्या खात्यापुढे 'सूट फाइल्ड' (दावा दाखल) असं कळवू शकते. पण तोवर महिनोन्‌महिने थकलेल्या हप्त्यांनी स्कोर आधीच खाली आलेला असतो. निकाल त्या मानाने उशिरा येणारा पाहुणा. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र कौंटी कोर्टाचा पैशाचा निकाल खरोखरच एका नोंदवहीत सहा वर्षं राहतो, आणि महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली तर नोंद काढली जाते. मेसेजचं मूळ लंडनच्या एखाद्या भाच्याकडे असेल तर नवल नाही.

आता लोकअदालत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. चालू दावा तिथे मिटला तर कोर्ट फी परत मिळते. हे सगळं खरं. पण निवाडा एवढंच सांगतो की तुमच्यातला वाद संपला. खात्यापुढे काय लिहायचं, हे बँक ठरवते.

समजा, कार्डाचे ६२,००० रुपये थकले आणि २५,००० वर तडजोड झाली. बँकेने ३७,००० सोडले. ते खातं 'क्लोज्ड' होत नाही, 'सेटल्ड' होतं. खातं आधीच निर्लेखित केलेलं, म्हणजे बुडीत धरलेलं असेल तर 'पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड'. पुढे गृहकर्जाला गेलात की अधिकारी त्या शब्दावर बोट ठेवतो: याने एकदा पूर्ण पैसे दिले नव्हते. म्हणून तडजोडपत्रावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'तुम्ही सिबिलला काय कळवणार?' आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. ऐपत असेल तर फक्त दंडव्याज माफ करून घेऊन मुद्दल आणि मूळ व्याज भरण्याची बोलणी करा, पण तेव्हाही 'क्लोज्ड' हा शब्द कागदावर हवाच. आधीच 'सेटल्ड' झालं असेल तर उरलेली रक्कम भरून 'नो ड्यूज', म्हणजे बाकी नसल्याचा दाखला घेता येतो का, हे बँकेला विचारता येतं. बऱ्याचदा बँक तयार होते, कारण तिला बुडालेलेच पैसे मिळत असतात.

पन्नास हजारांची मर्यादा कुठून आली, देव जाणे. नोंदीला किमान रक्कम नाही. कार्डावरची काही शे रुपयांची थकबाकीही जाते. एक कोटी आणि त्यावरच्या दाव्यांची, तसंच पंचवीस लाखांवरच्या हेतुपुरस्सर थकबाकीदारांची यादी सर्वांसाठी खुली असते. ती यादी वेगळी आणि तुमचा रिपोर्ट वेगळा.

तीन वर्षांचं म्हणाल तर ती दावा लावण्याची मुदत आहे, कर्ज फिटण्याची नव्हे. मुदत संपण्याआधी एखादा हप्ता भरला किंवा कर्ज लेखी मान्य केलं तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मुदत टळली तरी थकबाकी रिपोर्टमध्ये राहू शकते. आणि हुकूमनामा झाला असेल तर त्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. पगाराचा काही भाग जप्त होतो, घरावर टाच येते. सिबिलमध्ये न दिसलेला शेजाऱ्याचा हुकूमनामा इथे दिसतो: न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर नाव टाकून कुणीही प्रकरण शोधू शकतं आणि गृहकर्जाच्या वेळी बँकेचा वकील ते शोधतो.

पैसे पूर्ण भरूनही नोंद जुनीच राहिली असेल तर वर्षातून एकदा मिळणारा मोफत रिपोर्ट काढा आणि बँकेकडे किंवा सिबिलकडे तक्रार टाका. सिबिल स्वतःहून बदल करत नाही, बँकेला विचारते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार क्रमांक मात्र जपून ठेवा, तो नसेल तर दिवस कुठून मोजणार?