फ्लॅट ४०३, फटाक्यांचा उपद्रव

परवा सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त ग्रुपवर पडलं. पाण्याची टाकी, लिफ्टचं मेंटेनन्स, पार्किंगमध्ये तीन वर्षं पंक्चर होऊन उभी असलेली कुणाची तरी स्कूटर, आणि मग मुद्दा क्रमांक ७: ‘फ्लॅट ४०३ - फटाक्यांच्या आवाजाचा उपद्रव - सदर सभासदास तोंडी समज देण्यात आली.’

सदर सभासद म्हणजे मी. अख्ख्या बिल्डिंगमध्ये यंदा ज्याने एक फुलबाजीसुद्धा पेटवली नाही तो मी. पणत्यांचं तेल अजून फरशीवरून निघालं नाहीये तोवर आमची नोंद दप्तरात फटाकेवाले म्हणून झाली, आणि ती आता रिडेव्हलपमेंट होईपर्यंत तशीच राहणार.

तर आमच्याकडे पैलवान आहे. कुत्रा. गावठी, बावीस किलो. दूधवाल्यावर भुंकतो, कुरियरवाल्यावर भुंकतो, लिफ्टच्या आरशात दिसणाऱ्या कुत्र्यावर तर रोज नव्याने भुंकतो, पण कुठे नुसती टिकली फुटली की ह्याचं शेपूट पोटाखाली जातं. गेल्या दिवाळीत तो कमोडच्या मागच्या सहा इंचांत शिरला होता आणि कसा शिरला ते आम्हाला अजून कळलेलं नाही, कारण काढताना दोन माणसं आणि अर्धी बाटली खोबरेल तेल लागलं. म्हणून यंदा मी तयारी केली. डॉक्टर म्हणाले की फटाक्यांचं रेकॉर्डिंग मिळवा, अगदी हळू लावा, सोबत आवडता खाऊ द्या, रोज थोडा थोडा आवाज वाढवत न्या, आणि हे दोन-अडीच महिने आधी सुरू करा. मी ऑगस्टपासून सुरू केलं. फोनवर फट् वाजलं की पनीरचा तुकडा. फट्, पनीर. फट्, पनीर. पंधरा दिवसांत कुत्रा असा तयार झाला की फोन हातात घेतला तरी लाळ गाळायचा. मला वाटलं, झालं, जिंकलो.

आणि मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका. हे आमचे मानद सेक्रेटरी, इतिवृत्त लिहिणारेही हेच. हातात फोन, आणि तो थर्मामीटरसारखा माझ्या तोंडासमोर धरलेला.

“तुमच्याकडे फटाके वाजतायत.”

“वाजत नाहीयेत काका, लावलेत.”

“लावले म्हणजे वाजणारच की.”

“तसं नाही, रेकॉर्डिंग लावलंय. कुत्र्याला सवय व्हावी म्हणून.”

“कसली सवय?”

“फटाक्यांची.”

काकांनी पैलवानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्ही त्याला नाद लावताय.”

मी समजावायला गेलो तर त्यांनी हात वर केला आणि फोनचा स्क्रीन दाखवला. डेसिबल मोजायचं ॲप. “५८. निवासी भागात दिवसा ५५ ची मर्यादा आहे, रात्री ४५. नियम २००० सालचा आहे, मी वाचलाय.” आता गंमत म्हणजे हे खरंच आहे, नियम आहे, आकडे बरोबर आहेत. पण तेव्हा गणपती तोंडावर आलेले, नदीपात्रात ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस चाललेली, आमच्या खिडकीच्या काचा रोज संध्याकाळी सात ते नऊ स्वतंत्रपणे वाजायच्या, आणि ह्या माणसाला ऐकू आलं काय, तर माझा फोन.

“काका, आत्ता तुम्ही बोलताय त्याचं किती दाखवतंय?”

त्यांनी प्रामाणिकपणे बघितलं. “६४. पण हा माणसाचा आवाज आहे.” थोडं थांबले. “जरा परत लावा बघू.”

मी लावलं. काका डोळे मिटून, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखं ऐकत होते. “हा सुतळी नाही,” ते म्हणाले. “डबलबारसुद्धा नाही. काहीतरी परदेशी आहे हे. सुतळीचा आवाज असा कोरडा नसतो हो, तो कानात नाही, पोटात लागतो. तुम्ही चुकीचा अभ्यास करून घेताय त्याच्याकडून.” मग आवाज खाली आणून, शेजारधर्माने, “खऱ्याची सवय लावायची असेल तर सांगा, माझ्याकडे मागच्या वर्षीचे दोन शिल्लक आहेत.”

ह्या सगळ्या वेळात पैलवान काकांच्या पायाशी बसून त्यांच्या फोनकडे एकटक बघत होता. फोन धरलेला माणूस आणि त्यातून फट्, म्हणजे पनीर येणार. काकांना वाटलं कुत्र्याला आपण आवडतो. त्यांनी त्याच्या डोक्यावर थोपटलं. “गुणी आहे. तुम्ही त्याला बिघडवू नका.”

सगळ्यात राग कशाचा आला सांगू का, माणूस बरोबर बोलला होता. फोनच्या स्पीकरमधून येतो तो फटाक्याचा फोटो. खऱ्या सुतळी बॉम्बला हादरा असतो, दारूचा वास असतो, खिडकीत उजेड असतो, आणि कुत्र्याला हे सगळं एकत्र कळतं. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, ते सुद्धा तरुणपणी, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत, म्हणजे आपल्याला जिथे फटाका ‘संपला’ असं वाटतं तिथे त्याच्यासाठी अजून काहीतरी वाजत असतं. पहिल्या मजल्यावरच्या मांजरीला तर त्याहून जास्त. ती दर दिवाळीला दिवाणात जाते आणि घरचे चार तास तिला जिन्यात शोधतात.

आणि यंदा लक्ष्मीपूजनही दोन. अमावस्या अशी काही पसरली होती की तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या कुटुंबाने ती २० तारखेला धरली आणि आम्ही पंचांगवाल्यांनी २१ ला. त्यात २० ला आपली नरक चतुर्दशी, म्हणजे पहाटे पाचपासूनच. धर्मात मतभेद होते, फटाक्यात नव्हते, दोघांनी दोन्ही दिवस वाजवले.

डॉक्टरांनी गोळी दिली होती. झोपेची नाही, भीती कमी करायची. त्यांनी बजावून सांगितलं होतं की पूर्वी नुसती गुंगीची औषधं द्यायचे त्यात कधी कधी अंग गळून पडतं पण आतली भीती तशीच राहते, कुत्रा जागचा हलू शकत नाही आणि सगळं ऐकत असतो. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते चित्र जात नाहीये. तर गोळी तास-दीड तास आधी द्यायची. आता बॉम्ब काय अपॉइंटमेंट घेऊन येतो का? २१ ला साडेसहाला द्यायची ठरवली होती, पहिला धडाका चारलाच झाला, घाईघाईने पनीरमध्ये घालून दिली तर पैलवानाने पनीर-गोळी तोंडातून तशीच खाली ठेवली आणि बाथरूमकडे निघाला. ज्या पनीरसाठी अडीच महिने जीव टाकत होता ते पनीर जिथल्या तिथे.

मी मागोमाग गेलो. एक्झॉस्ट फॅन लावला, बायकोने बाहेर मिक्सर लावला (रिकामा), आणि मी सिल्कचा कुर्ता घालून उलट्या बादलीवर बसलो. पैलवान माझ्या पायांत. नखं फरशीवर घासत होता, जणू फरशी खणली की खाली शांत जागा निघेल. कान मागे, जीभ बाहेर, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय, आणि अंग असं थरथरत होतं की माझ्या गुडघ्यालाही थरथर जाणवत होती. बाहेर आई पूजेला बसलेली. ती दार वाजवून म्हणाली, “अरे, लक्ष्मी घरात यायची वेळ आणि घरातला पुरुष संडासात. तिने काय समजायचं?”

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात एक कुत्रा होता, मोती की राजा, नावसुद्धा नीट आठवत नाही. दर दिवाळीला तो चार दिवस नाहीसा व्हायचा आणि भाऊबीजेला परत यायचा, अनारशाचे मऊ पडलेले तुकडे खायला. चार दिवस कुठे असायचा हे कुणी कधी विचारलं नाही. आम्ही डालडाच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब ठेवून डबा किती वर जातो ह्याच्या पैजा लावत होतो, आणि सगळ्यात उंच डबा कुणाचा ते मात्र मला अजून पाठ आहे. माझा.

बादलीवर बसून मी फोनवर कायदा वाचला. दुसरं करणार काय. सुप्रीम कोर्टाने २३ ऑक्टोबर २०१८ ला दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली होती, आणि त्याच आदेशात माळा, म्हणजे जोडलेले फटाके, बनवायला, विकायला, उडवायला बंदी. मी हे वाचत होतो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि नेमकी खाली दहा हजाराची माळ सुरू झाली. पैलवान माझ्या कुर्त्यात शिरला. कुर्ता फाटला. कुत्रा बायकोकडे देऊन मी तसाच खाली गेलो.

खाली काका, कानात कापूस घालून, हातात उदबत्ती.

“काका, माळेला २०१८ पासून बंदी आहे.”

“ही ग्रीन आहे.” त्यांनी खोका पुढे केला. “क्यूआर कोड आहे, स्कॅन करा. नीरीचा फॉर्म्युला, नागपूरची संस्था. मराठी माणसाला अभिमान पाहिजे.”

“अहो हिरवी आहे, मुकी नाहीये. त्यात धूर-धूळ कमी केलीये. तुमचं ते ५५ कुठे गेलं?”

“ते यंत्राच्या आवाजाला. फटाक्याला १२५ आहे, चार मीटरवरून.” मग माझ्या फाटक्या कुर्त्याकडे बघून, “तुम्हाला मोजायचं असेल तर चार मीटरवर उभे राहा. माझं ॲप शंभराच्या पुढे बंद पडलं, फुकटातलं आहे.”

गेटवर आमचा नेपाळी वॉचमन हे ऐकत उभा होता. त्याच्याकडे ह्याच दिवसांत कुत्र्यांचा सण असतो, कुकुर तिहार, आदल्या दिवशी त्याने गल्लीतल्या तिन्ही कुत्र्यांना झेंडूच्या माळा घालून, कपाळाला टिळा लावून पार्ले-जी खायला घातलं होतं. आपण त्याच दिवशी कारीट फोडतो आणि मग कान फोडतो. त्या रात्री तिघांपैकी एकही गेटवर नव्हता. एक पाडव्याला लंगडत आला, एक त्याच्या मागून आला, गळ्यात अजून सुकलेली माळ. तिसरीचा पत्ता नाही. मी ग्रुपवर फोटो टाकला, कुणी पाहिलीये का म्हणून. त्याखाली काकांनी शुभ दीपावलीचा जीआयएफ टाकला. तो सगळ्यांसाठी होता हे मला कळतं, तरी पण.

तर हे सगळं इतिवृत्तात कुठेच नाही. मुद्दा ७ मध्ये मी.

डॉक्टर म्हणतात सराव सोडू नका, वर्षभर चालू ठेवा, पुढच्या वर्षी उपयोग होईल. काल संध्याकाळी मी पुन्हा फोन काढला, अगदी हळू आवाजात लावला. फट्. पैलवान पलंगाखालून बाहेर आला, शेपूट हलवत, पनीर घेतलं, परत बसला. फट्. पनीर. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्याचे कान सरळ उभे दिसले. मी आवाज एक घर वाढवला.

बेल वाजली. पैलवान माझ्या आधी दाराशी, लाळ गाळत.

“५६,” काका म्हणाले.