दर गुरुवारी खंडेनवमी

आपल्याकडे हत्यारांची पूजा वर्षातून एकदा होते. खंडेनवमीला पाने-पकडी पुसायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि त्या दिवशी त्यांना कामाला जुंपायचं नाही. अमेरिकेतला मेकॅनिक आपल्याहून भाविक. तो ही पूजा दर आठवड्याला करतो. आमच्या गॅरेजात ती गुरुवारी साडेदहाला असते. देव स्वतः ट्रक चालवत येतो, दारात हॉर्न देतो आणि दक्षिणा हप्त्याने घेतो.

मी ओहायोतल्या एका गॅरेजच्या काउंटरवर बसतो. ब्रेक पॅड संपलेत ही बातमी गिऱ्हाइकाला हळुवारपणे सांगणं, हे माझं काम. पान्याला हात लावायची वेळ येत नाही, त्यामुळे हत्यारांबद्दल सल्ला द्यायला माझ्याइतका मोकळा माणूस दुसरा नाही. तुमचा भाचा इथल्या ऑटो स्कूलमधून नुकताच बाहेर पडला असेल, किंवा तुम्ही स्वतःच कोडिंगला कंटाळून ग्रीसमध्ये हात घालायचं ठरवलं असेल, तर पुढचं नीट वाचा.

आधी आपल्याकडचं गॅरेज डोक्यातून काढा. तिथे पाने उस्तादाचे असतात. पोरगा रिकाम्या हाताने येतो आणि ‘ए, बारा-तेराचा दे’ म्हटल्यावर बारा-तेराचाच द्यायला शिकतो, दहा-अकराचा दिला तर शिव्या खातो. शिक्षण झालं, खर्च शून्य. इथे असली फुकटेगिरी चालत नाही. लिफ्ट मालकाची, कॉम्प्रेसर मालकाचा, गाडी गिऱ्हाइकाची आणि पाने तुमचे. गावगाड्यातला सुतारही स्वतःचा वाकस घेऊन यायचा म्हणा, पण त्याला खळ्यावर धान्य मिळायचं. तुम्हाला मिळतो तो गॅरेजचं नाव छापलेला शर्ट.

कॅलिफोर्नियात याला थोडी आडकाठी आहे. कामगाराला स्वतःची हत्यारं आणायला लावायची असतील, तर त्याला किमान वेतनाच्या निदान दुप्पट पगार द्यावा, असा तिथला नियम आहे. ओहायोत अशी आडकाठी नाही, इथे अभिमानावर भागतं. केंद्र सरकारचाही या अभिमानाला हातभार आहे. २०१७ साली करकायदा बदलला आणि २०१८ पासून पगारदार मेकॅनिकला स्वतःच्या हत्यारांचा खर्च उत्पन्नातून वजा करता येईनासा झाला. तोच पाना मालकाने घेतला तर धंद्याचा खर्च. तुम्ही घेतला तर तुमची हौस.

तेव्हा हौस करायची तर नीट करा. गावात स्वस्त हत्यारांची मोठाली दुकानं आहेत, तिकडे फिरकू नका. तिथे दुकानापर्यंत आपणच जावं लागतं आणि वर रोख पैसे मागतात. त्यापेक्षा दर आठवड्याला गॅरेजच्या दारात हत्यारं विकायला येणाऱ्या ट्रकची वाट बघा.

हा ट्रक बाहेरून ब्रेड पोचवणाऱ्या गाडीसारखा दिसतो. आत जायला एक अरुंद दार. दोन पायऱ्या चढलात की दोन्ही बाजूंना छतापर्यंत हत्यारं, वर पांढराशुभ्र उजेड, उन्हाळ्यात एसी. मधल्या बोळातून दोन माणसं अंग चोरल्याशिवाय जाऊ शकत नाहीत, त्यामुळे काहीतरी घेतल्याशिवाय मागे वळणं अवघड जातं. एक गोष्ट मी काउंटरवरून रोज बघतो: आमचे मेकॅनिक सकाळचा डोनट काळ्या हातांनी खातात, पण ट्रकमध्ये चढताना मांडीवर दोन्ही हात पुसतात. देवळाच्या पायरीशी चप्पल काढावी तसे.

आत गेल्यावर डीलर, म्हणजे ट्रक घेऊन येणारा विक्रेता, तुम्हाला काही विकत नाही. तो मुलांची चौकशी करतो. मागच्या आठवड्यात तुमचा गुडघा दुखत होता, ते त्याच्या लक्षात असतं. बोलता बोलता तो तुमच्या हातात एक रॅचेट, म्हणजे नट फिरवायचा दातेरी दांडा, ठेवतो, नुसतं. तुम्ही अंगठ्याने ते फिरवता. बारीक दातांचं ते यंत्र घड्याळासारखं टिकटिकतं. तुमच्या पेटीतलं रॅचेटही नट सोडवतं, पण ते कर्रकर्र करतं. शंभर डॉलरच्या वरचा आकडा सांगितला जातो आणि लगेच पुढचं वाक्य येतं, ‘आठवड्याला दहा दे की.’

इथे दोन प्रकारची उधारी असते, तिचा फरक समजून घ्या. पहिली ट्रकवरची. ती डीलरच्या स्वतःच्या वहीत मांडलेली असते आणि तिला सहसा व्याज नसतं. दर आठवड्याला तो येणार, तुम्ही वीस-तीस-चाळीस जे ठरलं असेल ते देणार. अगदी आपल्या वाण्यासारखं. फरक एवढाच, की आपला वाणी ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावतो आणि हा गृहस्थ ती पाटी उलटी वाचतो. ही उधारी कधीही फेडून संपवू नका. शेवटचे चाळीस डॉलर राहिले की नवीन काहीतरी घ्या. खातं बंद झालेल्या माणसाची ट्रकमध्ये फार पंचाईत होते. बोलायला विषय राहत नाही.

दुसरी उधारी मोठी. ती कंपनीच्या वित्तसंस्थेकडून मिळते, तिला कागदपत्रं असतात आणि व्याज असतं. ती हत्यारांच्या पेटीसाठी.

पेटी हा शब्द ऐकून ट्रंकेचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. छातीएवढी उंच, चकचकीत रंगाची, मऊ सरकणाऱ्या खणांची, आत दिवे आणि चार्जिंगचे प्लग असलेली ही वस्तू आपल्याकडच्या वन-रूम किचनमध्ये मावली, तर किचन बाहेर ठेवावं लागेल. समजा, तुम्ही १२,००० डॉलरची साधीच घेतली. यापेक्षा कितीतरी महाग असतात, पण तुम्ही सुरुवात करताय. व्याज १८ टक्के धरा, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ३०५ डॉलर, शेवटी भरलेले १८,२८० च्या आसपास. हे गणित पेटीसमोर उभं राहून करू नये, रंग फिका दिसायला लागतो. डीलर सांगेल तसंच करावं: ‘आठवड्याचे सत्तर. म्हणजे दिवसाचे दहा. तू जेवणावर किती घालवतोस?’ आमच्याकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा या प्रश्नावर खरंच विचारात पडला. आता तो घरून सँडविच आणतो. पेटी निळी आहे. तिच्या बाराएक खणांपैकी चार भरलेत, एकात सँडविच असतं.

तुम्ही म्हणाल, पगार बरा असेल तर हप्त्याचं काय एवढं! इथे पगाराची एक गंमत आहे. बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला घड्याळाचे तास मिळत नाहीत, पुस्तकातले मिळतात. अमुक गाडीचा वॉटर पंप बदलायला पुस्तकात दोन तास लिहिले असतील, तर तुम्हाला दोन तासांचे पैसे. दीड तासात उरकलंत, शाबास. गंजलेला बोल्ट तुटला आणि संध्याकाळ झाली, तरी दोनच. गाडीच आली नाही, तर तुम्ही दिवसभर फरशी झाडा, पुस्तकात फरशीचा तास नाही. म्हणजे कमाई पावसासारखी आणि हप्ता घड्याळासारखा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण याच गोष्टीत हत्यार विकत घेण्याचं पवित्र कारण दडलेलं आहे. वाकड्या मानेचा तो खास पाना घेतला तर दर वेळी दहा मिनिटं वाचतात. दहा मिनिटं म्हणजे पैसे. आमच्या एका ज्येष्ठ मेकॅनिकने एका विशिष्ट मॉडेलच्या विशिष्ट नटासाठी असा पाना घेतला. त्यानंतर ते मॉडेल आमच्याकडे दोनदा आलं. त्याची वीस मिनिटं वाचली. ती त्याने ट्रकमध्ये घालवली.

आजन्म वॉरंटीचा फायदा तर अवश्य घ्या. रॅचेट बिघडलं, पाना मोडला, ट्रकमध्ये न्या, दुरुस्त करून किंवा बदलून मिळतं, पैसे नाहीत. यात कसलीही फसवणूक नाही आणि हत्यारंही खरंच उत्तम असतात, हे मी हात न काळे करता मान्य करतो. फक्त फुकट दुरुस्ती ट्रकच्या आत होते आणि तिला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं त्या बोळात हात बांधून उभं राहून दाखवा.

या धंद्यातली सगळ्यात नामांकित कंपनी म्हणजे स्नॅप-ऑन. तिचा जन्म १९२० सालचा, मिलवॉकीतला. त्या काळी प्रत्येक सॉकेटला, म्हणजे आपल्या भाषेत गोटीला, स्वतःचा दांडा चिकटलेला असायचा. जोसेफ जॉन्सन या माणसाने पाच दांडे आणि दहा गोट्या वेगवेगळ्या केल्या, हवी ती गोटी हव्या त्या दांड्याला बसवा. ‘पाच करतील पन्नासांचं काम’ अशी जाहिरात होती. म्हणजे सगळा उद्योग उभा राहिला तो कमी हत्यारांत भागवा, या कल्पनेवर! तेव्हापासून भागवतोच आहोत. आज हीच कंपनी हत्यारं विकते आणि ती घ्यायला कर्जही देते. या कर्जविभागाचं २०२४ चं उत्पन्न ४० कोटी डॉलरच्या घरात होतं आणि त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग नफा. कुठलाही नट न सोडवता.

डीलरवर मात्र रागावू नका. त्याला सावकार समजून नाक मुरडणारे लोक मी पाहिलेत. पण बिचारा फ्रँचायझीवाला असतो. ट्रक कर्जावर, ट्रकमधला माल कंपनीकडून उचललेला, डिझेल त्याच्या खिशातून. एखादा मेकॅनिक नोकरी सोडून पेटीसकट परागंदा झाला, तर ट्रकवरच्या वहीतला तो आकडा याच्याच बोकांडी बसतो. म्हणून तर तो तुमच्या गुडघ्याची इतक्या आपुलकीने चौकशी करतो. तुम्ही चालते राहणं त्याच्याही हिताचं आहे, फक्त फार लांब चालत जाऊ नये.

तसे तुम्ही जाऊही शकत नाही म्हणा. पेटीला चार दणकट चाकं असतात, पण ती फरशीपुरती. भरलेली पेटी घेऊन गॅरेज बदलायचं, तर बंद पडलेल्या गाड्या उचलून आणणारा सपाट पाठीचा ट्रक मागवावा लागतो, पट्टे आवळून ती चढवावी लागते आणि पलीकडे उतरवावी लागते. मालकाला हे ठाऊक असतं. मागच्या वर्षी आमच्या एकाला दुसरीकडून तासाला दोन डॉलर जास्त मिळत होते. त्याने उचलगाडीचं भाडं विचारलं, पेटीकडे बघितलं आणि पुन्हा गाडीखाली शिरला. मालकाने त्या आठवड्यात सगळ्यांना पिझ्झा दिला.

एवढं सगळं करूनही तुमच्याकडे दहाची, म्हणजे दहा मिलिमीटरची, गोटी नसणारच. जपानी गाड्यांत बॅटरीच्या टोकापासून आतल्या पत्र्यापर्यंत जिकडेतिकडे दहाचा नट, आणि नेमकी तीच गोटी इंजिनाच्या पोटात पडून नाहीशी होते. वॉरंटी मोडलेल्या गोटीला आहे, हरवलेल्या गोटीला नाही. तेव्हा एकदम सहा घेऊन ठेवा. डीलर सहाही वहीत लिहून घेईल.

आता तुम्हाला वाटेल, हा काउंटरवरचा माणूस, याला काय झळ! गेल्या मार्चमध्ये मी फक्त बघायला म्हणून आत गेलो होतो. बाहेर बर्फ होता, आत ऊब होती. डीलरने माझ्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी केली. हे मी त्याला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. मग त्याने माझ्या हातात एक दिवा ठेवला, नुसता. मागे लोहचुंबक, मान कुठेही वळते, एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो. काउंटरवर मला दिव्याचं काय काम, हे तोही जाणत होता आणि मीही. १४० डॉलर, आठवड्याला दहा.

दिवा चांगला आहे. काल निळ्या पेटीवाल्या पोराची दहाची गोटी पडली, तेव्हा आम्ही दोघं त्याच दिव्याने अर्धा तास इंजिनात डोकावत होतो. नाही सापडली. उद्या गुरुवार आहे.