गाणं सगळ्यांचं, मग पैसे कोणाला?

नमस्कार. लोकगीतं गाणाऱ्यांना त्यांच्या हक्काचे पैसे मिळावेत, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: गोंधळ, ओव्या, कोळीगीतं कुणा एकाची नाहीत, त्यांना कॉपीराइट लावला तर उद्या जत्रेत गायलाही परवानगी काढावी लागेल, आणि मालकच नाही तर पैसे द्यायचे कोणाला?

जत्रेची भीती आधी काढून टाकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ ने धार्मिक कार्यातलं, अगदी लग्नाच्या वरातीतलंही गाणं-वाजवणं मोकळं ठेवलंय. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीवर कुणी मालकी सांगावी, असं मी म्हटलेलंच नाही.

मी बोलतोय ते गाणाऱ्याबद्दल. याच कायद्यात कलाकाराचा हक्क वेगळा आहे. व्याख्या वाचाच: गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला कसरत करणारा, जादूगार, इतकंच काय, गारुडीही तिथे आहे. मग संबळ वाजवणारा गोंधळी त्यात का बसणार नाही? हा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरावर रॉयल्टी आणि नावाचा उल्लेखही त्यात आणला. गाणं किती जुनं आहे, याचा इथे संबंधच येत नाही.

‘बिदागी मिळते ना’ असंही तुम्ही लिहिलंय. एका गोंधळ्याच्या घरी त्या बिदागीचा कागद मी पाहिलाय. इंग्रजीत, जेमतेम चार ओळी: रक्कम मिळाली, सर्व हक्क कायमचे दिले. खाली त्यांची थरथरती सही. त्यांना वाटलं, पैसे मिळाल्याची पोच आहे. ते ध्वनिमुद्रण आज एका कंपनीच्या चॅनेलवर आहे, त्यावर जाहिराती लागतात आणि खाली नुसतं ‘पारंपरिक’ लिहिलंय. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट निर्मात्याकडे, तोही ६० वर्षं. तेव्हा मालक नाही हे खरं नाही. मालक आहे, फक्त तो गाणारा नाही.

‘लोककलेत नावाला महत्त्व नसतं’ हे तर मला मुळीच पटलं नाही. शाहिरांनी शेवटच्या कडव्यात आपलं नाव आवर्जून गुंफलं. होनाजी बाळा ही तर दोन माणसं. होनाजी शिलारखाने रचायचे, बाळा करंजकर गायचे. पेशवाईतल्या त्या लावण्यांमध्ये रचणाऱ्याच्या बरोबरीने गाणाऱ्याचंही नाव आहे!

मूळ समाजाचा वाटा कसा काढायचा हा प्रश्न अवघड आहे, मान्य. पण तो सुटेपर्यंत समोर बसून गाणाऱ्याचे पैसे का अडवायचे?

तुम्ही स्वतः लोकगीतं ध्वनिमुद्रित करता, असं लिहिलंय. मग करार मराठीत करा, सही घेण्याआधी वाचून दाखवा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं व्हिडिओखाली घाला आणि बिदागीखेरीज उत्पन्नातला हिस्सा लिहून द्या. मसुदा हवा असेल तर सांगा, मी बसून करून देतो.