खिडकी समोर उघडी आहे आणि म्हणे डिस्प्ले नाही!

तीन रात्री गेल्या माझ्या. तीन! अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात जकार्ड डिझाइनचं, म्हणजे विणीतून उमटणारी नक्षी काढायचं, लिनक्स मशीन (कॉम्प्युटर) आहे. मी जुळे सोलापुरातल्या घरातून एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या प्रोग्रॅमने, त्यावर जातो. प्रोग्रॅम तिथं चालतो, खिडकी माझ्या लॅपटॉपवर उघडते. लिनक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो १९८४ साली एमआयटीत जन्मली तेव्हापासून हेच करते. मी नवं काही मागत नव्हतो.

जुना लॅपटॉप, उबुंटू नावाचं लिनक्सवाला, मेला. नव्यावर दुसरं लिनक्स टाकलं. कमांड तीच, एसएसएच डॅश मोठा एक्स, म्हणजे तिकडची खिडकी इकडे दाखव. डिझाइन उघडलं, बॉर्डर बदलली, रंग भरले. मग विणीचा नमुना बघायला वेगळा प्रोग्रॅम चालवला, तर "कान्ट ओपन डिस्प्ले", म्हणजे खिडकी दाखवायला पडदाच मिळत नाही. अरे काय बे! पहिली खिडकी डोळ्यासमोर उघडी आहे, तिच्यात माऊस फिरतोय, आणि हा म्हणतो डिस्प्ले उघडत नाही!

बाहेर पडून परत लॉगिन केलं की सगळं सुरळीत. थोड्या वेळाने परत तेच.

काय काय नाही तपासलं? खिडकी कुठं दाखवायची ते सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबल: लोकलहोस्ट:१०.०, अगदी बरोबर. एक्सऑथची कुकी, म्हणजे पडदा वापरायची गुप्त किल्ली, जागेवर. पलीकडच्या एसएसएचडीत (एसएसएचची तिकडची बाजू) एक्स११ फॉरवर्डिंग, म्हणजे खिडक्या इकडे पाठवणं, चालू. डिस्क भरली की कुकी लिहिता येत नाही, म्हणून डिस्कही पाहिली. मे महिना, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, आणि मी राउटर बंद-चालू करतोय. नाइट शिफ्टच्या अण्णाला फोन करून केबल काढून परत लावायला सांगितली. "साहेब, केबल घट्टच हाय की," बिचारा म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो.

आणि सल्ले देणारे! ज्याला विचारावं तो म्हणतो, "एक्सहोस्ट प्लस करून टाक." म्हणजे पडद्यावरची राखणच काढायची, घराचं दार सताड उघडं ठेवायचं, कुणीही यावं, माझ्या पडद्यावर काय आहे ते बघावं, मी काय टाइप करतो ते वाचावं. तेही ज्या अडचणीशी त्याचा काडीचा संबंध नाही तिच्यासाठी! दुसरा म्हणतो, डिस्प्लेमध्ये घरचा आयपी घाल. एक्सचा सर्व्हर, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर खिडक्या दाखवणारा भाग, त्याचं ६००० नंबरच्या पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर) बाहेरून ऐकणं कधीच बंद झालंय, २०१५ पासून तर एक्सऑर्ग या एक्सच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच ते आपोआप बंद असतं. माहिती नसेल तर गप्प बसावं ना माणसाने!

तिसऱ्या रात्री वैतागून एसएसएचला डॅश व्ही (आत काय चाललंय ते सविस्तर सांग) लावलं आणि एकच ओळ दिसली: फॉरवर्ड एक्स११ टाइमआउट संपला म्हणून कनेक्शन नाकारलं. डॅश एक्सने जोडलं की एसएसएच पलीकडच्या मशीनवर पुरता भरवसा ठेवत नाही, आणि २० मिनिटांनंतर नवी खिडकी उघडू देत नाही. उघडलेल्या खिडक्या चालत राहतात. उबुंटू आणि डेबियन ही लिनक्सं मात्र आपल्या सेटिंगमध्ये पूर्ण भरवसा आधीच चालू करून देतात, म्हणून तिथं डॅश एक्स म्हणजे पूर्ण भरवसा देणारी डॅश वायच. मला इतकी वर्षं हे कळलंच नाही. तीच कमांड, तीच अक्षरं, आणि दोन लॅपटॉपवर दोन अर्थ!

वेळेची मर्यादा घालायला माझी ना नाही. सुरक्षिततेसाठी आहे, असू दे. पण एसएसएच, कारण तुला माहीत आहे ना? ओळ तयार आहे ना? मग ती डॅश व्ही लावणाऱ्यालाच का दाखवतोस? कुकी चुकली तरी "कान्ट ओपन डिस्प्ले", सुडो करून दुसऱ्या युजरच्या हक्काने चालवल्यावर कुकी मिळाली नाही तरी तेच, वेळ संपली तरी तेच. दहा आजारांना एकच नाव देणाऱ्या डॉक्टरकडे आपण परत जाऊ का?

एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये टाइमआउट शून्य केला, म्हणजे मर्यादाच काढली, आता चालतंय. डॅश वाय नाही लावलं. कारखान्याच्या मशीनवर चारजण लॉगिन करतात, माझा कीबोर्ड त्यांच्यासाठी खुला करणार नाही. डिझाइन एक दिवस उशिरा गेलं, मालकांचं ऐकून घेतलं.

आज शिफ्ट सुरू व्हायच्या आत अण्णाला फोन करायचाय. केबल घट्टच होती.